खिडक्या

दौलतगंजात, पिठाच्या गिरणीला लागून
गजाभाऊ दुभाष्यांची भाड्याची लायब्ररी होती :
दोन खाटा उभ्या केलेल्या, मधे सुतळी,
सुतळीवर वाळत घातल्यासारखे काउबॉय.
घरी नेलं तर पाच पैसे, तिथंच बसून तीन.
पीठ उडून सगळ्यांचेच घोडे पांढरे.

रद्दी यायची मुरारच्या छावणीतून, किलोच्या भावानं.
साहेबांच्या पोरांनी वाचून टाकलेली,
त्यांच्याही आधी कुणा लांबच्या पोरानं.
गजाभाऊ कागद हुंगून साल सांगायचे.
हे लढाई संपल्यावरचं : रक्त लालभडक.
हे पंचावन्नच्या पुढचं : रक्त शाईसारखं काळं.
तिकडच्या कुठल्या कचेरीनं लाल बंद केलं म्हणे.
आता माणूस चौकटीबाहेर मरतो,
आपल्याला नुसती टोपी दिसते, पडलेली.
आणि हे परवाचं. ह्यात घोडाच नाही,
कुणी चड्डी वरून घालून उडतोय.
"उडणाऱ्याला खोगीर कशाला लागतंय," म्हणायचे,
आणि तो अंक सुतळीच्या टोकाला, उन्हाकडे.

पिसं खोवलेले लोक टेकडीवर उगवायचे.
वर लिहिलेलं असे : इंडियन्स.
म्हणजे आम्ही?
प्रभाकर सरनोबत दोन दिवस त्यांच्या बाजूनं होता,
मग हरायचा कंटाळा आला त्याला.

अंबाहचा रामसेवक सिकरवार बोलतच नसे.
त्याचा काका दीड महिना पकड होता.
एकदा त्यानं दरीवरून झेपावणाऱ्या घोड्यावर
बोट ठेवलं : "भरकों में कोई कूदता नहीं."
माणूस आधी खाली बसतो, म्हणाला.
मग बसूनच राहतो.

पण मला सांगायचंय ते भोकांबद्दल.
पुष्कळ पानांना चौकोनी भोक असायचं.
पानाच्या पाठीवर कुपन असणार :
बियांची पाकिटं विका, सायकल मिळवा.
कुण्या पोरानं ते नीट कात्रीनं कापून पाठवलेलं.
त्याला सायकल मिळाली की नाही कोण जाणे,
आमच्या बाजूनं गोष्टीला खिडकी पडायची,
आणि ऐन गोळी सुटताना
पुढच्या पानावरचा न्हावी त्यातून डोकावायचा.

गजाभाऊ त्या खिडक्या बुजवायचे.
वहीचा कोरा तुकडा, खळ, टाक.
इंग्रजी येत नव्हतं; मागचापुढचा अंदाज घ्यायचे.
घोडा म्हणजे स्टेशनवरच्या टांग्याचा एवढंच माहीत,
म्हणून शूराच्या घोड्याला एका चौकटीपुरती
झापडं यायची. पुढच्या चौकटीत जायची.
मागचा डोंगर लांबट, माथ्यावर सपाट, तटबंदी घातलेला,
ग्वाल्हेरचं शेंबडं पोरही ओळखेल असा.

एका अंकात शेरीफ आणि टोळीतला म्हातारा
समोरासमोर. दोघांचे हात कमरेशी.
मग भोक.
भोकानंतर दोघे पाठमोरे, दोन दिशांना चाललेले.

तो अंक गजाभाऊंनी तीन दिवस कुणाला दिला नाही.
गिऱ्हाइकं परत पाठवली. टाक झटकत बसले.
चौथ्या दिवशी खिडकीत एक मटका होता.
म्हातारा ओततोय, शेरीफ ओंजळीनं पितोय,
टोपी काखेत. आणि फुग्यात,
सावकारी खतावणीच्या वळणानं, एकच शब्द :
सावकाश.

परवा भाचीनं पडद्यावर तोच अंक काढून दिला.
अखंड. कुपनसुद्धा शाबूत.
मी घाईघाईनं त्या पानावर गेलो.
चौकटीत फक्त सूर्य होता,
वर एक ओळ : दुपार झाली.
चित्रकाराला सुचलं नसेल,
किंवा पानामागे पैसे मिळत असतील
आणि ती रात्र शेवटची असेल.

"सापडलं ना?" भाचीनं विचारलं.
मी म्हटलं, अगं, ही प्रत फाटकी आहे.
दुसरी बघ.